न पिणाऱ्याची माळ

आष्ट्यात सांगली-इस्लामपूर रस्त्याला माझं हॉटेल आहे. नाव 'निवांत'. पाटीवर नावाखाली तांबड्या अक्षरांत 'परमिट रूम', आणि त्याच्याखाली हिरव्या अक्षरांत 'फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था'. ही दोन्ही एका पाटीवर कशी नांदतात, असं एका मास्तरांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, मधे भिंत आहे. भिंतीच्या अलीकडं बाप्ये, पलीकडं बायकापोरं घेऊन आलेले बाप्ये. एकटा पुरुष पलीकडं बसवायचा नाही, हा माझा नियम. मग तो देवळाचा पुजारी का असेना. या नियमाचा मला अभिमान होता, म्हणजे आता नाही असं नाही, पण पूर्वीसारखा राहिला नाही.

त्या नियमापायी वीरधवल मिस्त्री बारा वर्षं भिंतीच्या अलीकडं बसला.

नाव वीरधवल आणि काम जळक्या मोटारी बांधायचं. विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी ती गाडीवर टाकून याच्याकडं आणतो. हा आतली काळी झालेली तार काढतो, नवी तांब्याची तार मोजून गुंडाळतो, वर वार्निश मारतो आणि वाळवून देतो. आसपासच्या चार गावांचा ऊस या माणसाच्या बोटांवर भिजतो. अंगानं काटकुळा, नखं कायम काळी, कपड्यांना वार्निशचा उग्र, स्पिरिटसारखा दर्प. बाप लहानपणीच गेलेला, थोरली बहीण फलटणला दिलेली. आई होती तोवर संध्याकाळी घराबाहेर दिसायचा नाही. आई गेली, तेराव्याचे पाहुणे पांगले, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सातला हा माझ्या दारात उभा. जेवण मिळेल का, म्हणाला. मी बोट दाखवलं ते भिंतीच्या अलीकडं.

तेव्हापासून पंख्याखालचं कोपऱ्यातलं टेबल त्याचं. अख्खा मसूर, दोन रोट्या, कांदा, शेवटी ताक. त्याआधी एक लिंबू सोडा, आणि तो तासभर पुरवायचा. आमचा नईम वेटर सवयीनं त्याच्यापुढंही शेंगदाण्यांची बशी ठेवायचा. चारी बाजूंनी बाटल्या, धूर, राजकारण, उसाचा दर, कुणाचं तरी रडणं. हा सोड्याचा ग्लास धरून सगळ्यांकडं कौतुकानं बघत बसायचा, लग्नातल्या पाहुण्यासारखा. बारा वर्षांत एक थेंब त्याच्या तोंडात गेलेला मी बघितला नाही. श्रावणात माझी परमिट रूम ओस पडते. भलेभले महिनाभर साधू होतात. तेव्हाही हा एकटा येऊन बसायचा, आणि नईम त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसून त्याच्याशी गप्पा मारायचा. त्या महिन्यात मिस्त्री जरा जास्तच खूश असायचा.

एकदा मी त्याला विचारलं होतं, मसूर तर घरी पण शिजतो, कुकर आहे ना? तो म्हणाला, "मालक, एकट्याच्या घरात कुकरची शिट्टी लय मोठ्यानं वाजती."

मी हसलो. विनोद वाटला मला.

लग्नाचं म्हणाल तर बघणं चालूच होतं. पण आमच्याकडं आता मुलींच्या अपेक्षा आभाळाला टेकल्यात असं मुलांचे बाप म्हणतात, आणि मुलांच्यात काही दम नाही असं मुली म्हणतात. मला दोघांचंही पटतं. मिस्त्रीला घर होतं, धंदा होता, व्यसन नव्हतं. पण त्याच्या बाजूनं बोलायला माणूस नव्हतं. बघता बघता वय एकेचाळीस झालं. मग गेल्या वर्षी बहिणीनं पाटणचं एक स्थळ आणलं. मयूरी तिचं नाव, वय चौतीस, अंगणवाडीत मदतनीस. पहिला नवरा दारूनं गेला. मूलबाळ नाही. मामाच्या घरी असते. दोघांचे फोटो एकमेकांना गेले, फोनवर बोलणंही झालं. एका संध्याकाळी मिस्त्रीनं सोडा तसाच ठेवला आणि मला फोटो दाखवला. मी म्हटलं, चांगली आहे. तो म्हणाला की ती फोनवर लय बोलते. हे त्यानं असं सांगितलं, जसं दुसरा कुणी सांगेल की पोरगी लय देखणी आहे.

मुलीकडचे घर बघायला येणार ठरलं. पण याच्या घरी बाईमाणूस नाही. बहीण फलटणहून येणार ती दुपारपर्यंत. चहापाणी कोण करणार, आल्या पाहुण्यांना पाट कोण मांडणार? म्हणून आधी घर दाखवायचं आणि मग जेवण 'निवांत'मध्ये, फॅमिलीच्या बाजूला, असं त्यानं ठरवलं आणि माझ्याकडं परवानगी मागायला आला. बारा वर्षांत त्यानं भिंतीपलीकडं पाऊल टाकलं नव्हतं. मी त्याला आदल्या दिवशी आत नेऊन टेबल दाखवलं. त्यानं खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, इकडं आवाजच येत नाही की हो.

रविवारी दुपारी पाहुणे आले. मयूरी, तिचे नारायणमामा आणि मामी. मिस्त्रीनं रॉकेलनं नखं घासून बोटं लाल करून घेतली होती. नवा शर्ट, पण वार्निशचा वास काही जाता जात नव्हता. बहीण वेळेवर पोचली. मी स्वतः उभा राहून वाढायला लावलं. जेवण शाकाहारी, नईमला तंबी दिलेली की सोडा, शेंगदाणे काही नको. सगळं छान चाललं होतं. मयूरी खाली बघून जेवत नव्हती, सरळ मिस्त्रीकडं बघून त्याला मोटारी कशा जळतात ते विचारत होती, आणि हा पठ्ठ्या चक्क बोलत होता. मी काउंटरवरून बघत होतो. माझा ऊर भरून आला.

तिथंच थांबायला हवं होतं. पण माझी जात हॉटेलवाल्याची. गिऱ्हाईक खूश दिसलं की मला जाऊन खांद्यावर हात ठेवल्याशिवाय राहवत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी गेलो, मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली आणि मामांना म्हणालो, "पाव्हणं, काय बी काळजी करू नका. बारा वर्सं आमच्याकडं हायत. एक सांज चुकली न्हाई."

मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं, जिथून येताना त्यांनी ती तांबडी अक्षरं वाचली होती. मग जरा पुढं वाकून त्यांनी मिस्त्रीच्या बाजूला श्वास घेतला. मला अजून काही कळलं नव्हतं. मी आणखी एक वाटी मसूर मागवला. मयूरी मात्र त्यानंतर मोटारींबद्दल काही विचारेना. तिनं रोटी अर्धी टाकली आणि हात धुवायला उठली.

दोन दिवसांनी बहिणीला निरोप आला. मुलगा चांगला आहे, पण पिणाऱ्याच्या घरी मुलगी दुसऱ्यांदा द्यायची नाही.

मिस्त्री त्या संध्याकाळी आला, बसला, जेवला. मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मी त्याला म्हटलं, मी जातो पाटणला, सांगतो खरं काय ते. तो म्हणाला, जावा.

कऱ्हाडावरून पाटणला जाईपर्यंत मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. मामांनी ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मी सांगितलं की हा माणूस पीत नाही, बारा वर्षांत प्यालेला नाही, मी देवाशपथ सांगतो. मामा शांतपणे म्हणाले, "आवं, तुमी दारूच इकता. तुमची शपथ कशी धरायची?" ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यालं तरी लोक ताडीच म्हणतात, हे ठाऊक होतं. पण झाडाच्या मालकानं येऊन साक्ष दिली तर काय होतं, ते त्या दिवशी कळलं.

मयूरी उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली की तिच्या पहिल्या नवऱ्याच्या वेळीही असाच एक हॉटेलवाला येऊन त्याच्या बाजूनं बोलून गेला होता. मग तिनं विचारलं, "पीत न्हाईत, तर रोज जात्यात कशाला?"

उत्तर मला माहीत होतं. कुकरची शिट्टी. पण लग्नाच्या बैठकीत मुलगा एकटा आहे, त्याला घर खायला उठतं, असं कोण सांगतं? ते त्याच्यातलं उणं वाटलं असतं. शिवाय खोटं कशाला बोलू, मला माझ्या मसुराचाही मोह आवरला नाही. मी म्हणालो, जेवण चांगलं असतं हो आमच्याकडं, लांबून लांबून लोक येतात. ती आत गेली. तो एक प्रश्न मला आजही ऐकू येतो, आणि दर वेळी मी त्याचं बरोबर उत्तर देतो.

निघताना मामांनी तोडगा काढला. आमच्या भागात कुणाची दारू सोडवायची असली की त्याला तुळशीची माळ घालतात. गळ्यात माळ पडली की दारू नाही, मटण नाही, त्या जागी पाऊल नाही. माळ मोडणारा माणूस गावाच्या नजरेतून जातो, म्हणून भलेभले कचरतात. मामा म्हणाले, त्याला माळ घालू द्या, सहा महिने बघतो, मग पोरीला समजावणं माझ्याकडं लागलं. माणूस वाईट नव्हता. मला वाटलं, मैदान मारलं.

मिस्त्रीला सांगितलं तेव्हा त्यानं एकच विचारलं. म्हणाला, "पण मी पीतच न्हाई, तर माळ घालून सोडू काय?"

मी म्हटलं, अरे, काय जातंय तुझं? सहा महिन्यांचा तर प्रश्न. त्यानं थोडा विचार केला. मग म्हणाला, इथं यायला मिळणार नाही की. मी म्हटलं, खुळ्या, सहा महिन्यांनी तुझ्या घरी जेवायला वाढणारी असेल, इथं कशाला येतोस? हे ऐकून तो हसला. पुढच्याच एकादशीला त्यानं गावातल्या बुवांच्या हातून माळ घालून घेतली. पंख्याखालचं टेबल रिकामं झालं.

आता गाव कसं असतं बघा. मिस्त्री पीत नाही हे गावाला ठाऊक नव्हतं असं नाही, गावानं त्याचा कधी विचारच केला नव्हता. गळ्यात माळ दिसली आणि गावानं विचार केला. माळ घातली म्हणजे पीत असला पाहिजे. रोज 'निवांत'ला बसायचा की. कधी कळूसुद्धा दिलं नाही की. आतल्या गाठीचा. लोक दुकानात येऊन त्याचं अभिनंदन करू लागले. शाबास मिस्त्री, सुटलास बाबा. एका म्हातारीनं त्याची दृष्ट काढली. पहिले काही दिवस तो सांगायचा, मी पीत नव्हतो. लोक डोळे मिचकावून म्हणायचे, असंच म्हणावं, मागचं उगाळू नये. मग त्यानं सांगणं सोडून दिलं.

मी मधे एकदा डबा घेऊन गेलो. मसूरच होता. त्यानं झाकण उघडून वास घेतला आणि परत लावलं. तुमच्या भांड्यात मटण शिजतं, म्हणाला, आणि हॉटेलचा डबा दारात कुणी बघितला तर परत तेच. त्यानं मला बसा म्हटलं. मला हॉटेलवर गर्दीची वेळ होती, मी उभ्या उभ्या निघालो. त्यानं भाकरी करायला घेतली होती. नकाशा झाला होता तिचा.

सहा महिने झाले. नारायणमामा शब्दाला जागले, कुणाला न सांगता आष्ट्यात आले आणि चौकशी करत हिंडले. चहाच्या टपरीवर, देवळात, मिस्त्रीच्या गल्लीत. गावाचा मिस्त्रीवर जीव. सगळ्यांनी तोंड भरून सांगितलं की आधी लय प्यायचा म्हणे, पण आता शिवत नाही, सोन्यासारखा माणूस झाला. मामा माझ्याकडंही आले. मी म्हटलं, सहा महिन्यांत इकडं पाऊल नाही. ते खूश होऊन गेले. मी नईमला म्हटलं, बघ, आता भिंतीपलीकडं मिस्त्रीचं टेबल लागणार.

चौथ्या दिवशी मामांचा फोन आला. म्हणाले, माझी काही हरकत नव्हती, पण पोरगी ऐकत नाही, तिचं तिलाच विचारा. मयूरीनं फोन घेतला. आवाजात राग नव्हता. तिनं विचारलं, "दादा, तुमी म्हणला व्हता त्ये पीत न्हाईत. मग त्यांनी माळ का घातली?"

मी म्हटलं, तुमच्या मामांनी सांगितलं म्हणून घातली.

"जो पीत न्हाई, त्यो म्हणला असता, मी घालणार न्हाई," ती म्हणाली. "आन समदं गाव सांगतंय सुटली म्हणून. सुटायला आदी लागावी लागती. सुटलेली परत लागती दादा, मी बघितलंय."

बाईचं चुकलं कुठं ते मला सापडेना. तिनं जे भोगलं त्यावरून तिनं हिशेब बांधला होता, आणि तो चुकीचा ठरवायला माझ्याकडं माझ्या शब्दाशिवाय काही नव्हतं. माझ्या शब्दाची किंमत तर ओसरीवरच ठरली होती. एकदा कौतुक करून मी त्याचं लग्न मोडलं, दुसऱ्यांदा गावानं कौतुक करून मोडलं. वैऱ्याला जमलं नसतं ते आम्ही प्रेमानं केलं. मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी त्याच्या गल्लीकडं फिरकलो नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेल नईमच्या हवाली करून गेलो. दिवेलागणीची वेळ. दुकानात बाकड्यावर सुलाबाई बसलेली आणि शेजारी मान खाली घालून तिचा नवरा धुळा. धुळा साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो आणि जे मिळतं ते माझ्याकडं आणून ओततो. सुलाबाईनं मला बघितलं आणि तोंड फिरवलं. तिचा हक्कच होता तो. मी दाराशीच एका उलट्या टाकलेल्या मोटारीवर बसलो.

मिस्त्रीला बहिणीनं फोनवर सगळं सांगितलेलं होतं. त्याचा चेहरा बघूनच कळलं. मी खालच्या आवाजात म्हटलं, माझं चुकलं मिस्त्री. तो तार गुंडाळत होता, थांबला नाही. म्हणाला, तुम्ही वाईट कुठं बोलला. मी म्हटलं, आता ती माळ काढून टाक आणि उद्यापासून जेवायला ये, तुला पाहिजे तिथं बस, नियम गेला खड्ड्यात. त्यानं मान हलवली.

"आता काडली तर म्हणत्याल, परत लागली."

हे त्यानं अगदी साध्या आवाजात सांगितलं. घालून चुकला, काढून चुकणार. त्या दोऱ्यातून आता त्याची सुटका नव्हती, आणि तो दोरा मीच पाटणहून आणून त्याच्या हातात दिला होता.

सुलाबाईला आमच्या बोलण्यातलं काही कळलं नाही. तिला घाई होती. ती म्हणाली की मिस्त्री, गावात तुमचं एकट्याचंच उदाहरण आहे, ह्यांना जरा सांगा, तुम्ही कशी सोडली. मला वाटलं, आता हा सांगणार की बाई, मी कधी प्यालोच नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग धुळाकडं. धुळाचे हात थरथरत होते.

"लय जड जातं का वो?" धुळानं विचारलं.

वीरधवलनं हातातलं काम खाली ठेवलं. "दिसभर काय वाटत न्हाई," तो म्हणाला. "कामात जातो दिस. सातला जड जातं. दिवं लागलं की. तवा घरात एकट्यानं बसायचं न्हाई. पाय आपसूक तिकडं वळत्यात. सात ते नऊ तेवढं निभावलं पायजे. कुणाच्या तरी दारात जाऊन बसायचं. बोलायला माणूस आसलं की निभतं."

सुलाबाई डोळ्याला पदर लावून ऐकत होती. एवढं खरं बोलणं तिनं कुणाकडून ऐकलं नसेल. मीही नाही.

धुळा म्हणाला, "कुणाच्या दारात जाऊ? मला कोण बसवून घेतंय?"

"माज्याकडं ये," वीरधवल म्हणाला. त्यानं बाकड्यावरचे तारेचे तुकडे हातानं बाजूला सारले, जागा केली. "रोज सातला येत जा. भाकरी हितंच खा माज्यासंगं."

सुलाबाईनं हात जोडले. किती दिवसांत सुटेल, असं तिनं विचारलं. महिन्याभरात?

"न्हाई, न्हाई," वीरधवल घाईनं म्हणाला. "येवढ्यात न्हाई सुटत ते. वरीसभर तरी यायला लागंल."